वाटीवरचा चमचा

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोला हार घालायचंही आता घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठेतरी माझा गळा दाटून येईल अशी आशा तुम्ही धरणार नाही. मी आता धुळ्याला असते, तुमच्यासारखीच मास्तरकी करून निवृत्त झाले आहे, आणि मागच्या आठवड्यात माझ्या कानावर एक गोष्ट पडली ती तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण त्यासाठी आधी त्या उन्हाळ्यात जावं लागेल. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक उन्हाळा माझा होता, आणि घरी आल्यावर त्याचीही तुम्ही माती केलीत.

जळगावच्या आपल्या घरातलं जेवण तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही पाटावर, शेजारी मी, समोर आई वाढतेय. तुम्ही शाळेत मराठी शिकवायचात, अख्ख्या गावात तुमच्या शुद्ध बोलण्याचा दरारा होता, आणि लग्न मात्र एरंडोलकडच्या खेड्यातल्या मुलीशी झालेलं. तिच्या तोंडात तिच्या माहेरची बोली. ती म्हणायची, "वरण गरम शे." लगेच तुमचा चमचा वाटीवर टण् करून वाजायचा. तिचा हात वरणाच्या पळीसकट हवेत थांबायचा. "वरण गरम आहे," ती म्हणायची. मग तुम्ही मान हलवायचात आणि पळी खाली यायची. माझ्या तोंडून असा शब्द गेला तर घास हातात तसाच धरून मी वाक्य पुन्हा म्हणायचं, मग तो घास तोंडात. पाहुणे आले की तुम्हाला जास्तच चेव यायचा. "आमच्या मंडळी अजून पहिलीतच आहेत," असं म्हणून तुम्ही हसायचात आणि पाहुणेही हसायचे, कारण तुमच्याकडे त्यांच्या मुलांचे पेपर असायचे. हळूहळू आईनं बोलणंच कमी केलं. भात हवा का हे ती भुवई उंचावून विचारायची. तुम्ही शेजाऱ्यांना अभिमानानं सांगायचात, आता चुका जवळजवळ होत नाहीत.

सत्तरच्या सुमाराला, मी कॉलेजात असताना, इथल्या मुलांना उन्हाळ्यापुरतं परदेशातल्या घरांत राहायला नेणाऱ्या एका संस्थेनं मला निवडलं. तुम्ही जाऊ दिलंत. मायेपोटी नव्हे, स्टाफरूममध्ये सांगता यावं म्हणून. मी गेले डेन्मार्कमधल्या एका खेड्यात. स्ट्रॉबेरीची शेती करणारं घर, मागे तळं, तळ्यात आत गेलेला लाकडी धक्का. सकाळी आम्ही स्ट्रॉबेऱ्या तोडतोय, अर्ध्या टोपलीत आणि अर्ध्या तोंडात. दुपारी त्या घरची माझ्याच वयाची मुलगी, तिचे दोन मित्र, एक मैत्रीण आणि मी धक्क्यावर पाय सोडून बसलोय. जळगावात तेव्हा पत्र्याला हात लागला तर फोड येत असेल आणि इथे मी उन्हाळा म्हणून स्वेटर घालून बसलेय. कुणी पाण्यात उडी मारतं, कुणी पाव कापतं, कुणी नुसतं आडवं होतं. कुणी कुणाला काही सुधारत नाही. रिकाम्या बसलेल्या माणसाला तिथे कुणी काही विचारत नाही हे कळायला मला बरेच दिवस लागले.

मग यजमानांचा वाढदिवस आला. अंगणात मोठं टेबल, आजूबाजूची माणसं. मी शेजारणीला इंग्रजीत बटाटे फार गरम आहेत असं काहीतरी सांगत होते आणि तेवढ्यात कुणीतरी पेल्यावर चमचा वाजवला. टण्. त्यांच्यात दोन शब्द बोलायला उठायचं असलं की तसं वाजवतात, पण ते मला कुठे ठाऊक. माझा काटा हातातच राहिला. मी उभी राहिले आणि भरल्या पंगतीत खणखणीत शुद्ध मराठीत म्हणाले, "बटाटे गरम आहेत." सगळे माझ्याकडे बघत राहिले. भाषण करायला उठलेला म्हातारा बिचारा उभाच. मग त्यानं माझ्याकडे पेला उंचावला, त्याला वाटलं मीच शुभेच्छा दिल्या, आणि सगळ्यांनी त्या बटाट्यांना टाळ्या वाजवल्या.

दुपारी धक्क्यावर त्या घरच्या मुलीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं. वाटी, चमचा, आई, सगळं. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग तो वाईट शब्द कुठला?" मी इकडेतिकडे बघितलं, जसे काही तुम्ही काठच्या लव्हाळ्यात लपून बसला आहात, आणि म्हणाले, "शे." त्या दिवसापासून त्या चौघांनी खेळच मांडला. कुणीही कपबशीवर, डब्यावर, वल्ह्यावर टण् केलं की सगळ्यांनी एका दमात ओरडायचं, "शे!" पोहून काकडत वर आलेला मुलगा मी शिकवलेलं म्हणायचा, "बठ्ठं भारी शे!", सगळं मस्त आहे. आईची भाषा त्या गोऱ्या तोंडांत अशी काही गोड लागायची की मी पोट धरून हसायचे. आपल्या घरात मी तशी कधी हसले असेन तर तुम्हीच सांगा.

तिथून मी पत्रं लिहायचे. त्या घरात आईला मोर म्हणायचे आणि बापाला फार, त्यांच्या भाषेतले शब्द ते. मीही म्हणायला लागले. लिहिलं, "मोर माझे खूप लाड करते. फारही चांगले आहेत." तुम्ही ते पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवलंत. 'मोर' पुल्लिंगी, 'करतो' हवे. 'फारही चांगले आहेत', कर्ता कुठे? मुलगी सुखात आहे एवढं त्यात वाचता येत होतं, पण तुम्हाला दिसला तो कर्ता. धक्क्यावर बसून मी ते लाल पत्र मोरला दाखवलं. तिनं विचारलं, तुझ्या वडिलांना राग आलाय का? मी म्हणाले, नाही, हीच त्यांची ख्यालीखुशाली.

निघताना त्या सगळ्यांनी मिळून टेपचं एक स्पूल भरून दिलं, माझ्या घरच्यांना ऐकवायला. परदेशी माणसं मराठी बोलतात म्हटल्यावर तुम्ही भुललात. हेडमास्तर, शाळेतले चार शिक्षक आणि शेजारचे कापडवाले मारवाडी शेठजी, सगळ्यांना संध्याकाळी बोलावलंत. टेपरेकॉर्डर शेठजींचाच. आई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि तेवढ्यात टेप सुरू झाली. पहिला आवाज आला तो पेल्यावरच्या चमच्याचा. टण्. आई जागच्या जागी थांबली, हातातल्या बश्यांसकट. आणि मग ती चार पोरं एका सुरात ओरडली, "शे!" मागोमाग मोरचा जाडा, प्रेमळ आवाज, मी घोकवून घेतलेला: "माय, तुनी आंडेर आठे मजामा शे." तुझी लेक इथे मजेत आहे. त्यासाठी तुमच्या मराठीतलं एकही वाक्य त्यांना लागलं नाही. शेठजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "गुरुजी, ही तर आमच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची बोली!" हेडमास्तर चाळीसगावकडचे, तेही खुलले: "भारी शे, गुरुजी!" आणि आई हसली. बश्या खाली ठेवून, तोंड उघडं टाकून, आवाज करून हसली. तुम्ही हसणारी सगळी तोंडं सोडलीत आणि फक्त तिच्याकडे बघितलंत. "पडक्या दातांचं प्रदर्शन पुरे," असं म्हणालात. तिनं पदर तोंडावर घेतला. शेठजींनी पोह्यांत मीठ बरोबर पडलंय असं काहीतरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत गेल्यावर आई माझ्याकडे आली. यंत्र अजून आपल्याकडेच होतं. स्पूलची दुसरी बाजू कोरी आहे का, असं तिनं विचारलं. तिला मोरला उत्तर द्यायचं होतं. मी बटणं दाखवली. "तू भाईर बठ," ती म्हणाली, तू बाहेर बस. मी ओट्यावर बसले. आतून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, आधी चाचपडत, मग सलग. मध्येच ती हसली. मध्येच मला वाटलं संपलं, तर पुन्हा सुरू. माझी आई इतकं बोलू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा ओट्यावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. "काय बोललीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "बठ्ठं." सगळं.

मी ते स्पूल ऐकलं नाही. तिनं मला बाहेर बसवलं होतं म्हणून. तुम्हाला असली अडचण नव्हती. रविवारी मी मैत्रिणीकडे गेले होते, तेवढ्यात तुम्ही तिच्या बाजूवर, तिचं बोलणं पुसून, यजमानांचे आभार मानणारं तुमचं भाषण भरलंत आणि जेवताना आम्हाला तसं सांगितलंत. "त्यांच्याकडे भाषेचा योग्य नमुना जायला हवा." आई भाकरी वाढत होती. तुम्ही तिला म्हणालात, "तू जे काही बरळलीस त्यातलं त्या लोकांना एक अक्षर तरी समजणार होतं का?" आईनं खाली बघत उत्तर दिलं, "समजाले नही. माले बोलनं व्हतं."

टण्.

नाना, त्या वेळीही. तुम्ही त्या वेळीही चमचा वाजवलात. आणि ती म्हणाली, "समजण्यासाठी नाही. मला बोलायचं होतं." तुम्ही मान हलवलीत. तिनं भाकरी वाढली. त्यानंतर ती जगली तेवढी वर्षं मी तिच्या तोंडून 'शे' ऐकलं नाही. तुम्ही जिंकलात. ते स्पूल मी पोस्टात टाकलं म्हणून तुम्हाला सांगितलं आणि माझ्या ट्रंकेत ठेवलं.

आई तुमच्या आधी गेली. तिच्या आवाजाचं आमच्याकडे काही नाही. म्हणून इतक्या वर्षांनी, धुळ्यात जुन्या टेपा नव्यानं उतरवून देणारा एक दुकानदार सापडला तेव्हा मी ते स्पूल त्याच्याकडे नेलं. वेडी आशा होती की तुमचं भाषण तिच्यापेक्षा लहान निघेल आणि शेवटी ती उरली असेल. दुकानात त्यानं ते लावलं. "सन्माननीय यजमानहो," तुम्ही सुरू झालात. ऱ्हस्वदीर्घसुद्धा ऐकू येतील असं बोलणं. भाषण खरंच लहान होतं. पण तुम्ही पक्के. बोलणं संपल्यावर तुम्ही यंत्र बंद केलं नाहीत, पार शेवटपर्यंत तसंच चालू ठेवलंत, तिचा एकही शब्द मागे राहू नये म्हणून. पंख्याची घरघर, रस्त्यावरून जाणारी सायकल, तुमचं खाकरणं. मी उठणार होते. तेवढ्यात लांबून, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज आला. "चहा झाला आहे."

एवढंच. माझ्या आईचा जगात उरलेला आवाज एवढाच आहे आणि तोही तुमच्या भाषेत. दुकानदार म्हणाला, "ताई, मागे कोणीतरी बाई बोलतेय, तेवढं साफ करून देऊ?" मी नको म्हणाले. तुम्ही असतात तर त्याला चहा पाजला असता.

हे पत्र टाकायला कुठला पत्ता नाही आणि असता तरी तुम्ही ते लाल करून परत धाडलं असतंत. पण तुमच्यावर एवढं तोंडसुख घेतल्यावर एक कबूल करायला हवं. आईचा आवाज इतक्या वर्षांनी कानावर पडला तेव्हा मला रडू आलं, पण आधी नाही. आधी, त्या दुकानात उभ्या उभ्या, माझ्या मनात आलं ते असं: बरोबर बोलली.