वाळूचं पोतं आणि खोटा मामा

६ जानेवारी १९६४, सोमवार

मी पडली! सगळ्यांसमोर, तोंडावर, वाळूच्या पोत्याखाली. चंपा इतकी हसली की हवालदारसाहेबांनी तिले ग्राउंडचा एक चक्कर जास्तीचा मारायले लावला. माझी पक्की मैत्रीण!

एनसीसीत नाव टाकलं तेव्हा वाटलं, लेफ्ट-राइट करायचं, झालं. पण हवालदार हिरालाल म्हणतात, नुसत्या परेडनं शिपाई होत नाही. ओझं उचलता आलं पाहिजे, नाला ओलांडता आला पाहिजे, जखमी माणूस पाठीवर घेऊन चालता आलं पाहिजे. म्हणून वीस किलोचं पोतं घेऊन ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. कॉलेजच्या आम्ही सोळा पोरी. महिन्याच्या शेवटी दोघी निवडणार — जबलपूरच्या कॅम्पसाठी.

मले जायचंच आहे.

७ जानेवारी

अंग इतकं दुखते की पेन धरवत नाही.

९ जानेवारी

मी अंगणात तांदळाचं पोतं उचलून पाहत होती. आई कामावरून आली अन् दारातच थांबली.

आई रेजा आहे. कारखान्याच्या नव्या बांधकामावर डोक्यावरून विटा-गिट्टी वाहते. बाबा गेले तेव्हापासून घर तिच्याच मानेवर आहे. कॉलेजात हे फक्त चंपाले माहीत. बाकीच्या पोरी कारखान्यातल्या सायबांच्या — कमलाचे वडील तर मोठे इंजिनिअर.

आई म्हणे, "कंबरेनं कावून उचलून राहिली? मोडशील ना."

मग शिकवलं. पाय रुंद. गुडघ्यात बसायचं. ओझं छातीले लावायचं अन् श्वास सोडत उठायचं. चालताना नजर पायाकडे नाही, समोर. उपाशीपोटी तर ओझ्याले हातच लावायचा नाही. तिनं ते पोतं असं उचललं, जसं झोपलेलं लेकरू उचलते. मी पाहतच राहिली. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, कधी पाहिलं नव्हतं.

१५ जानेवारी

नेलं! टोकापर्यंत! अन् वर दम शिल्लक!

हवालदारसाहेब हातातल्या घड्याळाकडे पाहत राहिले. विचारलं, कोणी शिकवलं. अन् माझ्या तोंडून निघून गेलं — मामानं, तो फौजेत आहे. मले मामा नाहीच! साहेब खूश. म्हणाले, सुट्टीवर आला की ग्राउंडवर घेऊन ये, भेटायचं आहे.

आता मामा कुठून आणू?

१९ जानेवारी

सगळ्या पोरींले शिकवून राहिलो, मी अन् चंपा. आधी अर्ध्या जणी नुसत्या चहावर धावत येत अन् उन्हात चक्कर येऊन बसत. आता खिशात गूळ-फुटाणे घेऊन येतात. आज एकही पडली नाही! श्वास सोडत उठायचं त्याले पोरी 'मामाचा श्वास' म्हणतात. कमलाले आज उठता उठता हसू आलं अन् ती पोत्यासकट बसली. मले बी हसू आलं. पण घरी आईसमोर जेवायले बसली नाही, ताट घेऊन अंगणात गेली.

२३ जानेवारी

चंपा आईजवळ मामाचं सगळं बोलून गेली. मले वाटलं, आई ओरडेल. नाही ओरडली. भाकर थापता थापता म्हणे, "मामा कोठी हाये म्हणे फौजेत?"

मी म्हटलं, पुण्यात.

"बरं ठिकाण हाये," म्हणे, अन् हसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, शनिवार

आज मीच आईले कामावर खाडा करायले लावला. ती चांगलं लुगडं काढून राहिली होती. मी म्हटलं, कामाचंच नेस.

ग्राउंडवर सगळ्या पोरी रांगेत. मी पुढे होऊन बोलली — साहेब, मामा नाही. ही माझी आई, गिरजाबाई. रेजा आहे. मले हिनं शिकवलं.

आईनं चुंबळ ठेवली, डोक्यावर एक पोतं, कंबरेवर दुसरं, अन् निघाली. टोकापर्यंत गेली, परत आली, धाप नाही. साहेबांनी विचारलं, किती वर्षं झाली हे काम करून? आई म्हणे, "ही पोटात होती, तेव्हापासून."

साहेबांनी आईच्या मानात आमाले सावधान केलं. आई गोंधळली अन् तीही पोत्यांसकट सावधान उभी राहिली! कमला हसली, मग साहेब हसले, मग सगळं ग्राउंड. सर्वांत जास्त आई. घरी येईपर्यंत मी रस्त्यानं उड्या मारत आली, कॉलेजात जाणारी घोडी!

३१ जानेवारी

निवड झाली!! मी अन् कमला! चंपा राखीव — तरी माझ्यापेक्षा तीच जास्त नाचली.

३ फेब्रुवारी

मेडिकल पास. वजन, छाती, रक्त, डोळे, सगळं. आई सोबत आली होती. डॉक्टरीणबाईंनी जाता जाता तिची मान दाबून पाहिली, अन् गुरुवारी एक्स-रेले बोलावलं. आई म्हणे, फोटोच काढायचा तर नवं लुगडं नेसते! बाई पण हसल्या.

८ फेब्रुवारी

आईच्या मानेचे मणके झिजले. डोक्यावर ओझं बंद, कायमचं. आता घर मले चालवायचं, जबलपूरले माझ्या जागी चंपा जाईल. कमलाच्या वडिलांनी माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला. सोमवारपासून मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाले लागते.

आईनं विचारलं, "अन् मी दिवसभर काय करू?"

मी तिची चुंबळ घडी करून पेटीत ठेवली.