मिस, तुम्ही वर्गात ते उघड बोललात

मिस, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तुमचं तेव्हाचं वय आता मी गाठलंय. चेन्नईत अड्यारच्या शाळेत तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात. नववीचा वर्ग आहे. फळ्यावर समीकरण मांडता मांडता तुमचा चेहरा एकदम तापतो, मान घामानं निथळते, तुम्ही खडू ठेवून खुर्चीत बसता. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं. आता ओरडा बसणार, म्हणून आम्ही माना खाली घालतो. तुम्ही पदरानं मान पुसता आणि शांतपणे म्हणता, "आजारी नाहीये मी. पाळी जायचं वय आलं की अंग असं पेटतं. एक दिवस तुम्हालाही होईल. तेव्हा लाजू नका." आमच्या घरी 'पाळी' हा शब्द कुजबुजतच बोलायचे.

गेल्या वर्षी माझी सुरुवात झाली. झोप तुटायची, जेवण तेवढंच असून पोट सुटलं, ब्लाउज दंडात रुतायला लागले. रात्रीचं जेवण सोडून पाहिलं, तर वजन तसंच आणि चिडचिड दुप्पट. पेरुंगुडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बोलताना घाम फुटायचा, साधे शब्द आठवायचे नाहीत. टीमची जबाबदारी सोडते, हे सांगायला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तिथेच अंग पेटलं.

"बरं नाही का?" त्यांनी विचारलं. मला तुम्ही आठवलात.

"मेनोपॉज आहे, सर. जरा बसते."

ते गोंधळले. पाणी पुढे करत हळूच म्हणाले, "माझी बायकोही हल्ली झोपत नाही. विचारलं तर काही बोलत नाही." मग आम्ही तिच्याबद्दलच बोलत राहिलो. जबाबदारी सोडायचं सांगणं राहूनच गेलं; टीम आजही माझ्याकडेच आहे.

डॉक्टरांनी तपासण्या करून गोळ्या दिल्या, उपाशी राहणं बंद करायला लावलं. आता भात थोडा कमी, सुंडल म्हणजे उकडून परतलेले हरभरे, डाळ, अंडी जास्त. सकाळी चालते, जिममध्ये पोरींच्या शेजारी वजनं उचलते. काटा फारसा हललेला नाही, पण झोप लागते, जिना चढताना दम लागत नाही. तुम्ही त्या दिवशी बोलला नसता, तर मी नोकरीत मागे सरकले असते आणि त्याला थकवा म्हटलं असतं. तुमचे उपकार आहेत, मिस.

हे पत्र कुठे पाठवणार! एक मात्र सांगते. आई माझ्याकडेच असते, आत्ता शेजारच्या खोलीत टीव्ही बघतेय. तुलाही असं व्हायचं का गं, एवढं तिला विचारणं मला अजून जमलेलं नाही.