तंबूसाठी जागा क्र. ३

सिंदी (रेल्वे)
रवि., १७ जाने. ८२

तंबू आज पुरा झाला. आजच्या तारखेपर्यंत स्वतःच्या हातानं केलेलं:

तंबू १. नऊ बाय सात फूट, मधे उंची सहा फूट दोन इंच. दुहेरी मांजरपाट, उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात, नऊ दिवस वाळवला.
खुंट्या १६. ऑइल इंजिनाचे बाद व्हॉल्व्ह, टोकं लेथवर काढली. व्हॉल्व्हचं डोकं दोरी निसटू देत नाही. हे कुठं पाहून केलेलं नाही.
खांब ३, पाइपाचे, दोन तुकड्यांत, आटे पाडून.
घडीचे पलंग २, नवारीचे.
मासे धरायची काठी १, भरीव बांबू. तिची दोरी गुंडाळायची गिरकी बाद पिस्टनच्या अॅल्युमिनियमची.
गळाच्या दोरीची तरंगं ५, मोरपिसाच्या देठाची.
झाकणाची बादली १, धरलेले मासे जिवंत ठेवायला. झाकणाला चाळीस भोकं.
गळ विकतचे. तीनदा करून पाहिले, पोलादाला पाणी नीट बसत नाही. खरं ते लिहून ठेवतो.
फटफटी यात धरत नाही. ती फक्त दोनदा पूर्ण उघडून जोडली.

सातवी नापास माणसाच्या मानानं बरं आहे. कोणाच्याही मानानं बरं आहे.

सौ.नं तंबूभोवती एक चक्कर मारली. "वास येते," म्हणाली. मग आत जाऊन पलंगावर बसली, दाबून पाहिला. "एकडाव येतो मी. बरं वाटलं तं वाटलं. नाई तं हे सारं कापड मले द्याचं. गाद्यायच्या खोळी शिवतो."
मी म्हटलं, कबूल.
लग्नाला चोवीस वर्षं. दोघं मिळून कुठं गेलो: लग्नं, मयती, एकदा नागपूर, तिच्या डोळ्यासाठी.
तिच्या अटी: १) आडोसा. २) प्यायचं पाणी जवळ. ३) वस्ती हाकेवर असावी, तोंडावर नसावी. माझ्या दोन: मासे आणि दुपारची सावली.
एकच डाव आहे. जागा चुकली तर खोळी.

रवि., २४ जाने.

जागा १: बोर धरणाचा काठ.
पाणी भरपूर, मासे काठापासून फार दूर. रुमाल काठीला बांधला, दुपारभर आडवाच. एवढ्या वाऱ्यात चूल पेटत नाही (तीन काड्या, तिन्ही विझल्या). झाडी पाण्यापासून ४१० पावलं. चौकीदार म्हणतो झाडीत वाघ आहे. "दिसत नाई, पन असते."
घरी सौ.ला वाऱ्याचं सांगितलं. वाघाचं नाही.
रद्द.

रवि., ३१ जाने.

जागा २: पवनार, पुलाच्या खालच्या अंगाला. सोबत प्रभाकर, सौ.चा धाकटा भाऊ, वर्ध्याला कारकून. त्याला मापाची फीत धरायला नेलं, तो खडकावर बसून शेंगा खात होता.
खडक स्वच्छ, पाणी वाहतं. पण बस आली की माणसं, बस गेली की राहिलेली माणसं. दोरी टाकून उतार मोजत होतो तर अकरा जण गोळा झाले. एकानं विचारलं, "रोड निघून राह्यला काय?"
प्र. म्हणाला, "दाजी, तुमी मुक्कामाले जागा पाहून राह्यले का पोरीसाठी स्थळ?"
मी म्हटलं, तुझं स्थळ पाहताना कोणी इतकं पाहिलं असतं तर... पुढचं बोललो नाही. त्याची बायको चांगली आहे.
आडोसा शून्य. मासे बोटभर. रद्द.

गुरु., ४ फेब्रु.

आंजीच्या वर धाम नदीच्या काठी वामनरावांचं शेत आहे. त्यांचं इंजिन पाणी सोडत होतं. फूट-व्हॉल्व्हचं चामडं गेलेलं, पाऊण तासाचं काम. ते काम झाल्यावर नदीच्या वळणापर्यंत सहज चालत गेलो, आणि...

डोह. साधारण पासष्ट पावलं लांब, पाणी काचेसारखं. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला अर्जुनाची सात झाडं. खाली सपाट माती, ओल नाही.
पाण्यात रोहू. मोजायला लागलो, बावन्नावर गोंधळलो. आणि हे पाहा: माझी सावली पाण्यावर पडली तर मासे पळाले नाहीत. जवळ आले! पाय आपटून पाहिला. आणखी आले. असं जन्मात पाहिलं नाही. काऊन?
काठी फटफटीला बांधलेलीच असते. कणीक आणि सरकीची ढेप, सुपारीएवढी गोळी. चाळीस मिनिटांत पाच. प्रत्येक वीतभर.
घरी सौ.नं तळले. दोन मी खाल्ले, बाकी तिनं. काटे बाजूला लावत म्हणाली, "धामचे हायेत? गोड हायेत हो."
ही जागा ३.

रवि., ७ फेब्रु.

आज फक्त मापं, गळ टाकला नाही.
सावली सकाळी दहा ते साडेतीन. उतार नऊ फुटांत दोन इंच, पावसाचं पाणी तंबूत शिरणार नाही. वामनरावांची विहीर १९० पावलं. ढिवरांची वस्ती पलीकडच्या टेकाडावर, हाक जाते, माणूस दिसत नाही. आडोशाला घाणेरीची दाट जाळी. खोली दगड बांधून मोजली, मधे साडेअकरा फूट. नकाशा काढला, एक इंचाला वीस पावलं.
पाचही अटी पुऱ्या. आजवर पाहिलेल्यात एक नंबर.

पण डोक्यातून जात नाही:
इतके मासे, तर इथं जाळं का नाही? खाली दोन फर्लांगावर ढिवरांची चार जाळी वाळत आहेत. इथं काठावर तुटका दोराही नाही, शेकोटीची राख नाही. मासे माणसाला भीत का नाहीत?
वामनरावांना विचारलं. "तिथं नसते कोनी धरत," म्हणाले आणि पाणी फिरवायला निघून गेले. भुताखेताची गोष्ट असेल. मी मानत नाही.
तरी काऊन?

बुध., १० फेब्रु.

काम काढून आंजीला गेलो. काम नव्हतं.
ढिवरांच्या वस्तीवर सोनबा म्हणून म्हातारा आहे, सत्तरीचा. जाळं विणत बसला होता. जाळ्याची सुई स्वतः केलेली, शिंगाची. आधी तीच पाहिली. मग डोहाचं विचारलं.
तो म्हणाला, "उनाळ्यात नदी तुटते भाऊ. वरचं आटते, खालचं आटते, पानी राह्यते थ्या एका डोहात. मंग सारे मासे तिथंच येते. थे त्यायचं माहेर. आता माहेराले आलेल्या पोरीले कोनी हात लावते काय? आमी गळबी टाकत नाई तिथं. बाया भाताची शितं टाकते, भाकर टाकते. पावसाळ्यात नदी भरली का हेच मासे खाली उतरते, मंग आमचेच हायेत."
म्हणून जवळ येत होते. भाकर समजून.
मग सुई थांबवून त्यानं विचारलं, "काऊन? तुमी धरले काय?"
नाही म्हणता आलं असतं. तिथं कोणी पाहिलं नव्हतं.
"पाच," म्हटलं.
चिडला नाही. तेच वाईट वाटलं. "पाच तं पाच. खालच्या डोहातून धराचे, जितेच आनाचे, माहेरात सोडाचे. आमच्यात असंच हाय. माह्या बापानंबी दोन सोडले होते. तुमी काही आमच्यातले नाई, तुमच्यावर काही जोर नाई."
हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं.

खोली मोजली, उतार मोजला, सावली, वारा, पावलं मोजली. विचारलं नाही. लहानपणापासून असंच. कोणी शिकवलं नाही म्हणून विचारायची सवय नाही, आणि आता विचारायला कमीपणा वाटतो. लेथ अशानं आली. हे नाही आलं.

गुरु., ११ फेब्रु.

जागा रद्द करायची? मासे समोर आणि गळ टाकायचा नाही, मग माझी माशांची अट गेलीच. दुसरी जागा शोधायला महिना जाईल, तोवर ऊन चढेल.
सौ.ला सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणेल, घ्या, झाली खोळ.
ती भाकर थापत होती. म्हणाली, "पाचातले तीन तं मीच खाल्ले. मंग मलेबी याव लागन." थोड्या वेळानं, "माहेर म्हनते काय त्याले? बाई बाई!"
शनिवारी निघायचं.
गळांचे उलटे काटे कानशीनं घासून काढले, सहाही. मासा अडकेल पण फाटणार नाही. वेळ: गळामागे बारा मिनिटं.

शनि., १३ फेब्रु. डोहावर

तंबू एकोणीस मिनिटांत उभा. वामनरावांच्या बंडीतून सामान आणलं. सौ.नं बरोबर पितळी गुंड आणला. मी म्हटलं, बादली आहे ना. "राहू द्या, पानी भराले लागते."
खुंट्यांवर सोनबा वाकून पाहत होता. "हे तं इंजिनचं हाय!" बरं वाटलं.

खालच्या डोहात दुपारी दोनला बसलो. साडेतीनला पहिला. बादलीत पाणी, झाकण, वरून ओलं पोतं. खालून वर दोन फर्लांग, दगडगोटे. पोचलो तर मासा उलटा.
दुसराही उलटा.
बादली हिसके खाते. भोकांतून पाणी उडतं, अर्धी रिकामी होते. कडी मधोमध आहे, दोष कडीचा नाही. दोष चालण्याचा.
सौ. काठावर हसत होती. "तुमी मोजत चालता. एकदोन, एकदोन. पानी सांडन नाई तं काय?"
तिनं चुंबळ केली, गुंड डोक्यावर घेतला. तिसरा मासा गुंडात. दगडांवरून अशी गेली की मागून मी ठेचाळलो, ती नाही. मान हलली नाही, थेंब सांडला नाही. डोहात सोडला, एक क्षण थांबला, मग बाकीच्यांत मिसळला. आता तो कोणता ते सांगता येत नाही.
चोवीस वर्षं तिला पाणी आणताना पाहतो आहे. आज पहिल्यांदा पाहिलं.
मेलेले दोन सोनबा म्हणाला खाऊन टाका, खालचे आहेत. रोडगे आणि वांग्याची भाजी होतीच. सौ.नं दोन्ही मासे सोनबाच्या घरी पाठवले.
पलंगावर निजली. "वास येते," म्हणाली आणि लगेच झोपली.

रवि., १४ फेब्रु., घरी परत

सकाळी आठ ते बारा: तीन मासे. एक गळ काढतानाच हातातून सटकला. दोन गुंडातून वर गेले, जिवंत. दुपारी आणखी एक, जिवंत. एकूण चार.
पाचव्यासाठी साडेचारपर्यंत बसलो. ढेप बदलली, कणीक बदलली, जागा बदलली. तरंग हललं नाही. बंडी आली.
सौ. तेवढा वेळ वरच्या डोहावर बसून राहिली, भाकरीचे तुकडे घेऊन. मी बोलवायला गेलो तर पायाशी तीसेक मासे. ती त्यांच्याशी काही तरी बोलत होती, मला पाहून गप्प झाली.
वाटेत विचारलं, मग? कापडाचं काय?
"एक राह्यला ना अजून. थो सोडल्यावर सांगतो."

शनि., २० फेब्रु.

दुकानात गर्दी, जाणं झालं नाही. गव्हाचं शेवटचं पाणी, सगळ्यांची इंजिनं एकदम बिघडतात.
प्र. आला होता. सौ.नं त्याला डोहाचं सगळं सांगितलं, मी नको म्हणत असताना. तो म्हणाला, "ताई, दाजीनं तुले पानी भराले जंगलात नेलं अन् तू खुश?" सौ.नं त्याला दुसरा चहा दिला नाही.

शुक्र., २६ फेब्रु.

नागपूरचे एक गृहस्थ आले, मोटारीनं. प्र. कुठल्या तरी लग्नात त्यांच्यापाशी बोलला. त्याला वाटलं माझं भलं होईल. वाईट हेतू नाही, पण...
तंबू पाहायचा म्हणाले. अंगणात लावून दाखवला. ते खाली बसले, व्हॉल्व्हची खुंटी उपटून हातात घेतली, खांबाचे आटे फिरवून पाहिले. "ये किस इंजीनियर ने बनाया?" आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सांगितलं, मी.
त्यांचं म्हणणं असं: शहरातली माणसं बंगल्यात कंटाळतात. नदीकाठी असे सहा तंबू, आत पलंग, टेबल, वर कंदील, जेवण तयार, आणि दारात बसून मासे धरायचे. शनिवार-रविवार. असं त्यांनी काश्मीरकडे पाहिलं आहे. जागा मात्र अशी पाहिजे की पाहुण्याच्या गळाला मासा लागलाच पाहिजे. ती तुमच्याकडे आहे असं ऐकलं.
मी म्हटलं, तंबू करतो. सहा काय, बारा करतो. जागा दुसरी पाहा, बोर धरण मोठं आहे.
"दोन्ही मिळून पाहिजे, मिस्त्री. नाही तर काहीच नाही. आणि धाम नदी काही लपवलेली नाही. आम्ही शोधू."
शोधतीलही. सोनबाला सांगायला हवं. सोनबानं तरी काय करावं. डोह कोणाच्या नावावर नाही.
सौ. दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मोटार गेल्यावर आत गेली. चांगलं केलं की वाईट, अजून कळलेलं नाही.

नोंद पुरी असावी म्हणून: मागणी अशी होती की सहा तंबू, बारा पलंग आणि ९६ खुंट्या मी माझ्या हातानं करून द्यायच्या आणि जागा क्र. ३ नकाशासह दाखवायची. याचे रोख रु. ९,०००. त्यातले तीन हजार त्यांनी टेबलावर ठेवले होते. नाही म्हटलं.