पाणमांजरांच्या नकाशाची वही

मी, डॉ. राजश्री विष्णू सुर्वे, वय एकोणसत्तर, निवृत्त वन्यजीव अभ्यासक, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला. त्यांनी चहातली साखर बंद करायला सांगितली आणि मी नकार दिला, एवढ्यावर त्यांची खात्री पटली. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे राहते घर, परसातली हापूसची चार कलमे आणि बँकेतल्या ठेवी माझा पुतण्या हर्षद यास द्याव्यात. "आत्याची मांजरांवर पीएचडी आहे," असे तो मुंबईत सगळ्यांना सांगत असतो. पाणमांजर हे मांजर नव्हे, खाडीत कुटुंबाने राहणारा, मासे खाणारा वेगळाच प्राणी आहे, हे मी त्याला तो पाच वर्षांचा असल्यापासून सांगते आहे. निदान घराचा ताबा घेताना त्याने ते लक्षात घ्यावे.

२. फ्रीज हर्षदच्या आईला, म्हणजे माझी वहिनी सौ. सावित्री हिला द्यावा. १९९९ च्या गणपतीत तिने श्रीखंड समजून जो डबा उघडला, त्यात पाणमांजराच्या विष्ठेचा नमुना होता. तेव्हापासून ती माझ्याकडे पाणीसुद्धा घेत नाही. डब्यावर तारीख आणि ठिकाण स्वच्छ अक्षरात लिहिले होते, हे येथे पुन्हा एकदा नमूद करते. फ्रीज त्यानंतर तीनदा धुतला आहे.

३. दुर्बीण, गमबूट, पावलांचे प्लास्टरचे ठसे आणि क्रमांक एक ते एकतीस या नोंदवह्या माझी विद्यार्थिनी ऋतिका हिला द्याव्यात. तिला अजून चिखलात चालता येत नाही, पण पडल्यावर आधी वही वर धरते. असा माणूस पुढे जातो.

४. बत्तिसावी वही मात्र ऋतिकाला देऊ नये. तिला राग येईल, म्हणून कारण लिहिते.

पाणमांजरे एकाच कातळावर रोज विष्ठा टाकतात. त्यावरून आम्ही ती मोजतो. २००४ साली मी एका खाडीत अकरा मोजली आणि मोठ्या हौसेने नकाशासकट छापली. वर्षाच्या आत परकी माणसे तो नकाशा घेऊन आली, त्यांनी कातड्यासाठी फास लावले. चार उरली, तीही तिथून हलली. त्या माणसांना वाट मी दाखवली. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढे सहा वर्षे नाटे ते दाभोळ अशा सगळ्या खाड्या पालथ्या घातल्या. होडी काशीराम डोर्लेकर याची. पूर्वी पाणमांजरे त्याची जाळी फाडत, म्हणून तो त्यांना अजून रोज शिव्या घाली. कातळ सगळीकडे स्वच्छ. शेवटी 'नामशेष' असे लिहून मी निबंध छापला, त्याला पुरस्कार मिळाला. शाल काशीरामला दाखवली तेव्हा तिला हात लावून तो "चांगली हाय" एवढेच म्हणाला.

मग एकदा मी भरती-ओहोटीच्या तक्त्यात चुकीची ओळ वाचली आणि ठरल्या वेळेच्या दोन तास आधी खाडीवर पोचले. तिथीवरून भरती सांगणारा काशीराम याबद्दल मला अजून चिडवतो. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून काथ्याने कातळ घासत होता. विष्ठा, खवले, खेकड्यांची कवचे, सगळे धुऊन काढत होता. मला नेण्याआधी तो हे सहा वर्षे करत आला होता.

"बाई, तुम्ही लिवलांव, मानसां आली," तो म्हणाला. "म्हनून धुतो."

"अरे, पण तुझी जाळी फाडतात ना ती?"

"जाळी माझी, शिव्या मी घालीन. दुसऱ्यानं काय म्हनून मारायचं?"

तेव्हापासून मी फक्त मोजते, छापत नाही. त्या सगळ्या नोंदी आणि नकाशे बत्तिसाव्या वहीत आहेत. ही वही काशीरामला द्यावी. त्याला वाचता येत नाही आणि त्यातले सगळे त्याला माहीत आहे. त्याचा पत्ता वकिलांकडे बंद पाकिटात आहे. ऋतिका हुशार आहे, प्रामाणिक आहे. मीही होते. तिने चार-पाच वर्षे त्याच्या होडीत बसावे. वही कधी दाखवायची, दाखवायची की नाही, ते तोच ठरवील. त्याच्या निर्णयावर कोणी हरकत घेऊ नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. निलेश शिवलकर यांनी करावी आणि माझ्या शोकसभेत भाषण करू नये.

वरील मजकूर आज काशीरामला बोलावून वाचून दाखवला. त्याने मान खाली घालून सगळा ऐकला. मग विचारले, "जागेचं नाव नाय ना लिवलांव ह्यात?"

मी म्हणाले, "नाही लिहिलं."

"मग करा सही."

त्याप्रमाणे सही करीत आहे.

(सही) राजश्री विष्णू सुर्वे
ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमक्ष सही झाली :
१. डॉ. दर्शन मुळ्ये (साखरेबाबतचे मत कायम)
२. सौ. ज्ञानेश्वरी गौरव नागवेकर, शेजारी