भाऊजींच्या इंजिनाला घातलेले अक्रोड

लालबाग, बऱ्हाणपूर
मंगळवार, भर दुपारी

तीर्थस्वरूप श्रीकांत भाऊजींना ललितचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच. उभ्यानं केलेला नमस्कार या पत्राला पुरणार नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी, रंजिता आणि रंजिताचा खोकला. खोकल्याचा खुलासा पुढे येईल. बेंगळुरूची हवा तुमच्या गुडघ्याला मानवली का? लेक-जावई मजेत असतील. ताईला नमस्कार सांगा, पण हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचू नका.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. तुम्ही माझ्या अंगणात ठेवून गेलेल्या गाडीच्या कव्हरचं इलॅस्टिक. गेले अडीच महिने मी रोज सकाळी ते कव्हर काढतो आणि घालतो. मागचं टोक अडकवलं की पुढचं सुटतं, आणि पुढचं अडकवायला वाकलो की मागचं सुटून माझ्या कानाखाली बसतं. ज्या माणसाचं रविवारचं सदर सगळं गाव दातओठ खात वाचतं, त्याला त्याच्याच अंगणात एका कापडानं थोबाडीत मारावी आणि समोरच्या ओट्यावरच्या मंडळींनी ती मोजावी, याला काय म्हणायचं? पत्राचं कारण एवढंच असतं तर मी देवापुढे साखर ठेवली असती.

भाऊजी, मी बॉनेट उघडलं.

थोडं पाणी प्या. मग पुढे वाचा. जाताना तुम्ही सोळा नियमांचा कागद दिला होतात आणि त्यातला नववा तेवढा लाल शाईत होता: बॉनेट उघडू नये, कोणाकडून उघडवू नये. ‘कंपनीतून निघाल्यापासून या इंजिनाला कुणाचा हात लागलेला नाही’ हे वाक्य मी तुमच्या तोंडून लग्नांत ऐकलं आहे, तेराव्याला ऐकलं आहे आणि माझं अपेंडिक्स काढलं त्या दिवशी उशाशी बसून तुम्ही म्हणालात तेव्हाही ऐकलं आहे. (मला त्या वेळी हेवा वाटला होता.) तुम्ही ओरडणारे असतात तर मी इतका भ्यालो नसतो. पण तुम्ही ओरडत नाही. तुमच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तुमची कोरी स्कूटर न विचारता नेली आणि शनवारा दरवाज्याला नेऊन ठोकली. ज्या दरवाज्यातून हत्ती जात असतील त्यात मला एक स्कूटर बसवता आली नाही. मडगार्ड वाकलं. आमचे तीर्थरूप अण्णा काठी घेऊन अंगणात आले, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘माझ्याच हातून झालं.’ मला त्यावर तुम्ही आजपर्यंत अवाक्षरही बोलला नाहीत. ज्यानं तीस वर्षं काही म्हटलं नाही, तो पुढच्या गुरुवारी स्टेशनवर उतरून एकदम काय म्हणेल, या विचारानं हे पत्र आधीच धाडतो आहे.

झालं असं, की तुमच्या चौथ्या नियमाप्रमाणे मी रोज पाच मिनिटं गाडी जागच्या जागी चालू करून बंद करत होतो. पंधरा-वीस दिवसांपूर्वी एका सकाळी तिला हुडहुडी भरली. आरसे थरथरायला लागले, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि त्या रविवारी (नियम सातप्रमाणे स्टेशनपर्यंत आणि परत) केळीच्या ट्रकांच्या रांगेत ती दोन उचक्या देऊन बंद पडली. मागच्या ट्रकवाल्यानं तुमच्या घरच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासरच्या, सगळ्यांची विचारपूस केली. गाडी अशी थरथरत तुमच्या हवाली करायची की नववा नियम मोडायचा? मी दोन रात्री छताकडे बघत काढल्या आणि तिसऱ्या दिवशी कडू मिस्त्रीला बोलावलं.

कडूनं पाना हातात घेण्याआधी मलाच शिकवणी दिली. जुन्या गाड्यांत पेट्रोल आत जाणाऱ्या वाल्व्हवरून जायचं, त्यामुळे ते आपोआप धुतले जायचे. तुमच्या या नव्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. वाल्व्हच्या नशिबी फक्त हवा आणि तेलाची वाफ. ती भाजून भाजून तिथे काजळी धरते. ‘वाल्व्हनं जन्मात आंघोळच केली नाही, साहेब. अन् वरतून रोज पाच मिंट नुसती घरघर! असीरगढपर्यंत पळवाले पाहिजे होती. कोन बोललं असं चालवाले?’ मी तुमचं नाव घेतलं नाही. याची नोंद व्हावी.

इंजिनावरची हवेची नळकांडी काढल्यावर आत जे दिसलं, त्यातली एक गोष्ट सोडून बाकी सगळं सांगतो. वाल्व्हवर डांबराचे पापड वाळत घातल्यासारखी काजळी होती. ती खरवडली तर धातूला ओरखडे जातात, म्हणून अक्रोडाच्या टरफलांचा रवा हवेच्या जोरानं मारायचा. टरफल काजळीपेक्षा टणक आणि धातूपेक्षा मऊ. तयार रवा मागवला तर महिना, आणि तुम्ही यायला उरले होते बावीस दिवस. तेव्हा मी बाजारातून सहा किलो अक्रोड आणले आणि आम्ही दोघं ते फोडून खात बसलो. पोह्यात अक्रोड, वरणात अक्रोड. चौथ्या दिवशी रंजिता म्हणाली, ‘भाऊजींना सांगून टाका हो, मी माहेरी जाते.’

टरफलं दळायला रंभाबाईच्या गिरणीत नेली. (हीच ती गिरणी, जिच्याबद्दल मी सदरात लिहिलं होतं की इथे गहू दिला की ज्वारी, बाजरी आणि थोडं मंगलोरी कौल फुकट मिळतं.) रंभाबाईनं पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. ‘लेखक, आट्याच्या चक्कीत मी हे नाही टाकनार. मिरचीच्या मशीनीवर देते दळून. तुमाले तिखटच शोभते.’ मी हसलो. तिथेच चुकलो. तिच्याकडे उन्हाळी मिरचीचं दळण जोरात चालू होतं, मशीन पुसायची पद्धत नाही, आणि मिळालेला रवा जरा लालसर दिसतो हे मला अक्रोडाचं तेज वाटलं.

शनिवारी अकरा वाजता कडूनं हवेची नळी लावली आणि उडालेला रवा ओढायला आमचा घरातला व्हॅक्यूम. एका वेळी एकच सिलिंडर, त्याचे वाल्व्ह घट्ट बंद असतानाच मारायचं, नाहीतर रवा थेट आत. पहिला सिलिंडर निर्विघ्न पार पडला, कारण व्हॅक्यूमची पिशवी तोवर शाबूत होती. दुसऱ्याला ती उसवली, जाड रवा पिशवीतच राहिला आणि बारीक तिखट तेवढं उसवणीतून मागच्या तोंडानं लालबागेत सुटलं. आधी रंजिता खोकली. मग ओट्यावरची मंडळी. मग शाळेची रिक्षा. गॅस फुटला म्हणून कुणीतरी ओरडलं, आणि पाच मिनिटांत सगळी गल्ली तोंडाला ओल्या चादरी लावून रस्त्यावर. कडूचे डोळे मिटलेले, नळी माझ्या हातात तिसऱ्या सिलिंडरवर चालूच, आणि तो शिंका देत विचारतोय, ‘साहेब, तिसऱ्याचा वाल्व्ह बंद करून देला होता ना मी?’ भाऊजी, कडूचे डोळे उघडायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी तुमच्या चेहऱ्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही.

बंद होता. कडूनं डोळे धुऊन बॅटरीनं पाहिलं, बाकीचं काम तोंडाला गमछा बांधून पुरं केलं आणि काल गाडी चालू केली. पिवळा दिवा गेला. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलत नाही. सायलेन्सरमधून तेवढा पहिली दहा मिनिटं ठेच्याचा वास आला. तरीही मी घाबरलेलाच आहे. काय म्हणायचं ते पत्रानं कळवा, समोर येऊन गप्प बसू नका.

तुमचा,
ललित

ता. क. १. पाकीट चिकटवणार तोच ताईचा फोन आला. कडूनं आपल्या कामाचे फोटो गाडीतल्या सर्व्हिस कार्डावरच्या नंबरवर पाठवले, आणि तो नंबर तिचा निघाला. तुम्ही भाजी आणायला खाली गेला होतात. तिनं काजळीचं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, ‘ललित, माझ्या परकराचा जांभळा नाडा इंजिनात काय करतोय?’ पत्रात गाळलेली गोष्ट ती हीच. नळकांड्याची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली होती, आणि तिच्या जागी ताईनं स्वतः विणलेला, दिवाळीपासून हरवलेला नाडा होता. गाठ सुरेख होती. तुमच्या बुटांच्या गाठीसारखी.

ता. क. २. मी तिला सांगितलं, की भाऊबीजेला आलो तेव्हा रद्दी बांधायला तो मी नेला होता, क्लिप परवा माझ्याच हातून तुटली आणि गाठही माझीच. तिनं मला पंधरा मिनिटं झाडलं. तुमच्या गाडीला कुणी हात लावत नाही, हेही सुनावलं. पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत काही बोलणार नाही असा शब्द तिनं दिला आहे.

ता. क. ३. ती क्लिप इथे मिळत नाही. तिकडे मिळाली तर येताना खिशात घालून आणा, कडू बसवून देईल. शनवाऱ्याचं मडगार्ड एवढ्यात फिटलं असं मी धरतो. त्यावर तुम्ही काही बोलला नव्हतात, यावर मीही बोलणार नाही.