शेंगा परत पाठवल्या आहेत

सानपाडा
दि. १९ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यांना शालनचा नमस्कार. सासूला नमस्कार घालायची रीत आहे म्हणून घातला, मनात राग आहे.

आम्ही बरे. राजवर्धन नऊ महिन्यांचा झाला, दोन दात आलेत, धरून उभा राहतो. एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

कांद्याच्या गाडीतून नव्या शेंगांचं पोतं पाठवलंत, ते त्याच गाडीनं परत पाठवलंय. तीन वर्षं पोराला शेंगदाण्याचा कण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तुम्ही पोतं पाठवता? वर आप्पांच्या हातची चिठ्ठी, "नातवाला बघायला यायचंय." तुमच्या लेकानं दसऱ्याला सांगितलं ना, पोराला हात लावायचा नाही म्हणून? मग?

आणि गावात काय सांगत फिरताय? सून माजली, सणाच्या दिवशी सासूला उपाशी एसटीत बसवलं. अरुणावन्संनी सगळं सांगितलं मला. पोराचे ओठ सुजून टम्म झाले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेता येईना, ते नाही सांगितलंत कुणाला?

पहिल्यापासून तुम्ही माझ्या हाताला नावं ठेवता. हिला पाजता येत नाही, हिला न्हाऊ घालता येत नाही. "आमची पाच पोरं गूळ-दाण्यावर वाढली." वाढली असतील! दसऱ्याला तो तुमच्या मांडीवर होता आणि ओच्यात दाणे होते. दाणे कुणी दिले, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी तुमच्याकडे बोट केलं. "देवाशपथ, नुसता गूळ चाटवला," असं तुम्ही रडून सांगत होता. ह्यांनी ऐकलं नाही. मी ऐकू दिलं नाही.

आता पुढचं. आप्पा वाचून दाखवत असतील तर त्यांनी मधे थांबू नये.

दिवाळीआधी पुन्हा तसंच झालं. तुम्ही साताऱ्यात. घरातले दाणे मी कधीच शेजारणीला देऊन टाकलेले. हे मार्केटला गेलेले, मी एकटीच पोराला घेऊन दवाखान्यात पळाले. डॉक्टर म्हणाले, काय भरवलं? म्हटलं, दोडक्याच्या भाजीत भाकरी कुस्करून. भाजीत काय घालता? म्हटलं, तेल, मीठ, कूट. त्यांनी कपाळावर हात मारला.

अहो, आपल्याकडे कुटाला शेंगदाणा कोण म्हणतं? मीठ तसं कूट. डबा फडताळात होताच. दसऱ्यालाही, तुम्ही देवळात गेलात तेव्हा, मी त्याला तीच भाजी भरवली होती.

ह्यांना सांगितलं, मुंग्या चावल्या. तीन आठवडे तेच सांगतेय. तुमच्यासमोर चूक कबूल करायची म्हणजे जन्मभराचे टोमणे, त्यापेक्षा तुम्ही लांब असलेल्या बऱ्या, असं वाटलं. खोटं कशाला बोलू?

इथवर लिहिलेलं आज सकाळी ह्यांना वाचून दाखवलं. एक चप्पल घालून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आईला मी दंडाला धरून बाहेर काढलं, शालन." जेवणाचा डबा न घेताच मार्केटला गेले.

नुसतं चुकले असते तर माफी मागितली असती. मी तुम्हाला चोर ठरवलं. तुमच्यावरचा राग अजून आहे, तोही लपवत नाही. पण या. पोराला मांडीवर घ्या. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल.

तुमच्या नातवाची आई,
शालन