मेजाबाहेरची तेरा वर्षं

४ फेब्रुवारी १९६२, रविवार

जग बुडालं नाही! आठ ग्रह एका राशीत आले, गावभर होमहवन झालं, शेजारणीनं तर दळणसुद्धा आणलं नव्हतं – राहतंय कोण खायला! मी मात्र काल नेहमीसारखी काळी द्राक्षं उकळली, फडक्यातून गाळली. जग बुडणार असलं तरी पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि मंडळीला द्राक्षरस लागतोच.

आणि नेहमीसारखीच उपदेश संपल्यावर उठले, देवळाबाहेर चिंचेखालच्या दगडावर जाऊन बसले. आत भाकर मोडली गेली, मी केलेला रस बारक्या प्याल्यांतून फिरला, शेवटचं गीत झालं. मग आत जाऊन रिकामे प्याले गोळा केले. तेरा वर्षं हेच चाललंय.

नवे पाळकसाहेब येऊन दोनच महिने झालेत. मिसरूड कालच फुटल्यासारखं दिसतं. मी प्याले धूत होते तिथं आले.

"आवडाबाई, तुम्ही दर वेळी बाहेर का जाता?"

"मी शिस्तीखाली आहे. मंडळीनं मेजापासून दूर ठेवलंय."

"कधीपासून?"

"पोलीस ॲक्शनपासून."

तोंड पाहण्यासारखं झालं बिचाऱ्याचं. तेव्हा हा चड्डी सावरत शाळेत जात असेल. आधीच्या दोन पाळकांनी विचारलंसुद्धा नव्हतं, हे मात्र खरं.

६ फेब्रुवारी

पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, काय झालं होतं ते सांगा. सांगितलं. कागदावर कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

सप्टेंबर अठ्ठेचाळीस. मी मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी नर्स. लष्कर संस्थानात शिरलं तो आठवडा, आमच्या छावणी भागातले रस्ते ओस पडलेले, कोण कुणावर धावून जाईल नेम नाही. भरदुपारी फकिरा चौकीदार निरोप घेऊन आला – माझ्या भावाच्या, रामकिसनच्या बायकोला, मनकर्णेला, कळा सुरू झाल्यात, लगेच चला. म्हटलं, तू हो पुढं, मी आलेच. चपला घातल्या, पिशवी उचलली. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला, आरडाओरडा झाला. मी दाराला कडी घातली. दिवस मावळेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गेले. मुलगा होता. गळ्याला नाळेचा वेढा. दोन बोटांचं काम असतं ते! वेढा सैल करायचा, डोक्यावरून काढायचा. पन्नासदा केलं असेल मी. तिथं करणारं कुणी नव्हतं.

रामकिसननं विचारलं, "निरोप पोचला नाय का, अक्का?"

मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. आठ दिवस सगळा दोष फकिरावर! तो शपथा घेत होता, ऐकतंय कोण. नवव्या दिवशी मंडळीच्या पंचांपुढं उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. जुने पाळक आप्पासाहेब म्हणाले, तीन महिने प्रभूच्या मेजापासून दूर राहा, मग मी बोलावीन तेव्हा या. जानेवारीत त्यांची बदली नगरला झाली. पुढं वारलेही. बोलावणं आलं नाही. मी समजले काय समजायचं ते. आणि योग्यच होतं ते.

मनकर्णेला नंतर मूल झालं नाही. पाच वर्षांपूर्वी रामकिसनही गेला. ती पहिल्या बाकावर बसते, स्त्रियांच्या संघाची अध्यक्ष आहे. आम्ही कामापुरतं बोलतो.

७ फेब्रुवारी

काल जाताना पाळकसाहेब म्हणाले होते, "कृपा म्हणजे मजुरी नव्हे, बाई. राबून मिळत नाही." शिकून आलेत सगळं! मी म्हटलं, मला फुकटचं पचत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

उपदेश कृपेवर. रोख कुणाकडं होता ते काय सांगायला पाहिजे?

म्हणे, देव माणसाची लायकी बघून देत नाही. लायकी बघून दिलं तर तो पगार झाला. मी बसल्या बसल्या विचार करत होते. हजारावर बाळंतपणं केली असतील या हातांनी. लेकरू येतं, त्याला पुसायचं, उबदार फडक्यात गुंडाळायचं, आईच्या छातीशी द्यायचं. काय करून आलास बाबा, असं त्याला कुणी विचारतं का? त्याच्या अंगावर तर अजून रक्तसुद्धा असतं. ऊब आधी, आंघोळ मागून. इथवर कृपा मला कळते, पाळकापेक्षा जास्त कळते.

पण लेकरानं कुणाच्या तोंडावर दार लावलेलं नसतं! उपासना सुटल्यावर फाटकात गाठून त्यांना हेच विचारलं. हसायला लागले, मग थांबले. म्हणाले, "त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही." पहिल्यांदा आवडला मला हा पोरगा.

१७ फेब्रुवारी

आज सावकाश लिहिते, म्हणजे काही सुटायचं नाही.

देवळामागच्या खोलीत वाळवी लागली म्हणून जुन्या पेट्या उन्हात काढल्या होत्या. दुपारी पाळकसाहेब वही काखेत मारून धावतच आले. बाहेर निवडणुकीची जीप बोंबलत होती, ते काय म्हणताहेत मला ऐकूच येईना. मग त्यांनी वही पुढं धरली, बोट ठेवलं. आप्पासाहेबांचं अक्षर. तारीख १६ जानेवारी १९४९:

"आवडाबाई यांना आजपासून पुन्हा प्रभूच्या मेजावर घेतले आहे. तशी चिठ्ठी मनकर्णाबाईंच्या हाती दिली. त्यांनीच ती पोचवावी अशी माझी इच्छा. त्या हो म्हणाल्या."

त्याच आठवड्यात ते नगरला गेले. पुढच्या पाळकानं नवी वही केली. ही पेटीत पडली.

म्हणजे मला आत घेऊन झालं होतं! मी चिंचेखाली बसून जे कमवत होते, ते मला केव्हाच दिलेलं होतं. मंडळीला वाटत असणार, ही बाई ताठ्यानं येत नाही. मला वाटत होतं, हे लोक बोलवत नाहीत. आणि मधे एक चिठ्ठी.

मनकर्णा!

१८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखतच होतं.

मी खोटं बोलले होते की निरोप पोचला नाही. तिनं तो खरंच पोचू दिला नाही. आता बरोबरी झाली म्हणायचं का? मला तर काही बरोबर वाटत नाही. संताप संताप होतोय. मी एका दुपारी भ्याले. ही तेरा वर्षं न भिता, पाठ ताठ करून पहिल्या बाकावर बसली, आणि शेवटच्या गीतात तिचाच आवाज सगळ्यांत वर!

२० फेब्रुवारी

पाळकसाहेब विचारायला आले. म्हणाले, पंच बोलवावे लागतील, मनकर्णाबाईंनाही शिस्तीखाली ठेवता येईल. "पण तुम्ही सांगाल तसं. तुमचं नुकसान झालंय."

म्हटलं, बोलवा पंच. बसू दे तिला चिंचेखाली. माझा दगड देते तिला, बसून बसून चांगला गुळगुळीत झालाय.

ते चहाचा कप खाली ठेवून उठले. फार काही बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२४ फेब्रुवारी

नवाब दौलताबादहून द्राक्षांची करंडी घेऊन आला. वजन झालं, पिशवीत घातली, मग नेहमीसारखा एक घोस वरून टाकला. आज मी चिडलेलीच होते. म्हटलं, हा कशाला? मी मागितला होता का?

"अम्मा, ये तो ऊपर का है. इसकू क्या पूछना?" असं म्हणून करंडी डोक्यावर घेऊन गेलासुद्धा.

तो घोस तसाच ताटलीत पडलाय. वीस वर्षं तो वरचा घोस देतोय, मी वीस वर्षं घेतेय. तो कसा पचत होता मला?

२७ फेब्रुवारी

मनकर्णा आली. पाळकसाहेबांनी तिला वहीचं सांगितलं असणार. सकाळी अकराच्या सुमाराला. उंबऱ्याशीच बसली, आत ये म्हटलं नाही मी. गीतांचं पुस्तक उघडलं, त्यातून घडी केलेला कागद काढला.

"अक्का, हे तुमचं."

घडीवर कागद विरून गेला होता, उलगडताना दोन तुकडे झाले. आप्पासाहेबांनी लिहिलंय – "या, आवडाबाई. तुमची जागा रिकामी आहे." बस, एवढंच.

"दर पहिल्या रविवारी आनत होते," ती म्हणाली. "आज देते, आज देते म्हनून. तुमी उठून भाईर गेल्या की माझा हातच उठत नव्हता."

"पण का?"

"पाळकांना व्हय म्हनून बसले. घरी आले तं पाळना टांगलेला. रिकामा. मंग नाय दिली." गीतांचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "तुमी त्या चिंचंखाली बसलेल्या दिसल्या की बरं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू? दोन-तीन वर्षं लई बरं वाटलं. मंग बरं वाटनं बंद झालं. पन तवर इतका उशीर झाला, सांगावं तरी कोन्या तोंडानं?"

मी कागदाचे दोन्ही तुकडे जुळवून धरले.

"पंचांपुढं मी सोता सांगन. तुमाला यायची गरज नाय." उठली आणि गेली. क्षमा करा म्हणाली नाही. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. भावाची बायको माझ्या दारातून कोरडी गेली.

आणि तरी क्षमा केली असं म्हणायला तोंड उघडत नाही. देवाला कसं जमतं कोण जाणे! मला वाटायचं घेणं अवघड असतं. देणं त्याच्या दसपट अवघड आहे.

१ मार्च

आज भाकरी थापता थापता थांबले. तव्यावरची करपली.

मी पंचांना सांगितलं. आप्पासाहेबांना सांगितलं. फकिराचे हात धरून त्याची माफी मागितली. देवाला तर रोज सांगते. तेरा वर्षं द्राक्षं उकळली, तेरा वर्षं दगडावर बसले.

मनकर्णेला कधी म्हटलंच नाही!

तिच्यासमोर उभं राहून, तिच्याकडं बघून, "माझं चुकलं" – एकदाही नाही. शिक्षा भोगतेय ना मी, मग वेगळं काय बोलायचं, असं वाटत राहिलं. शिक्षा सोपी होती. दगड सोपा होता. तिच्या दारात जाणं अवघड होतं म्हणून मी देवळाच्या दारात बसले. ती मला बघून बरं वाटून घेत होती, आणि मी तिला दिसावं म्हणूनच बसत होते की काय, देव जाणे.

हिनं चिठ्ठी दिली असती तर मी खुशाल आत जाऊन बसले असते, तिच्याशी एक शब्द न बोलता.

२ मार्च

गेले. तांदूळ निवडत होती. उभ्या उभ्याच म्हणाले, कारण बसले असते तर जमलं नसतं. "मनकर्णा, फकिराचा निरोप पोचला होता. मी भ्याले, कडी लावली. तुझं लेकरू वाचलं असतं. माझं चुकलं."

तिनं सुपातून मान वर केली नाही. मग म्हणाली, "ठावूक हाय, अक्का. पन तुमी मला सांगितलं नव्हतं."

"व्हय. नव्हतं सांगितलं."

"बसा."

बसले. दोघींनी मिळून तांदूळ निवडले. बऱ्याच वेळानं मी विचारलं, त्याचं नाव ठेवलं होतं का? हो म्हणाली. सांगितलं. इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. मग आम्ही दोघीही रडलो, ती आधी, मी मागून. चहा झाला. मीही माफ केल्याचं काही बोलले नाही, तीही नाही. पण येताना सुपातल्या खड्यांसारखं काहीतरी बाजूला पडल्यासारखं वाटत होतं.

परतताना पाळकसाहेबांकडं गेले, म्हटलं, पंच बोलावू नका. "बरं," म्हणाले. मग जरा भीत भीत, "त्या लेकराच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलं नाही मला." म्हटलं, राहू द्या, घाई नाही.

३ मार्च

द्राक्षं उकळली. नवाबचा वरचा घोसही त्यातच घातला.

४ मार्च, रविवार

उपदेश संपला. पाय सवयीनं उठायला निघाले. मनकर्णेनं पदर धरून खाली बसवलं. पहिल्या बाकावर, तिच्याशेजारी.

भाकरीचं ताट तिच्याकडून माझ्याकडं यायचं होतं. तिनं ते घेतलं आणि तुकडा न उचलता, न बघता, तसंच माझ्यापुढं केलं. सराईत हात. मी बघतच राहिले. मागच्या बाकावरून सरूबाई माझ्या कानाशी वाकली.

"त्या नाय घेत. कवाच घेत नाय, तुमी भाईर बसायला लागल्या तवापासून. मला वाटतं दाताचं दुखनं असंल."

मी बाहेर असायचे. मला कुठून दिसणार!

एक तुकडा उचलला. मोडला. अर्धा तिच्या हातावर ठेवला, आणि तिची बोटं मिटवून धरली. तेवढासा तुकडा, पण दोघींना बराच वेळ चावावा लागला.